धाप लागलेला वृद्ध रुग्ण: एक्स-रे, रक्तचाचणी की फुफ्फुसांची सोनोग्राफी?

पंचाहत्तरी ओलांडलेला रुग्ण धापा टाकत कॅज्युअल्टीत येतो, तेव्हा हृदय कमी पडते आहे की फुफ्फुसांचा आजार बळावला आहे, हे काही मिनिटांत ठरवावे लागते. पॅरिसमध्ये ६५ वर्षांवरील ५१४ रुग्णांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास निम्म्या जणांच्या धापेमागे एकाहून अधिक कारणे होती, आणि सुरुवातीचे उपचार चुकलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक होते. लहान रुग्णालयाने कोणती सोय आधी उभी करावी, याचा विचार म्हणूनच निव्वळ किमतीवरून करू नये.

एक्स-रेमध्ये न्यूमोनियाचा डाग किंवा छातीत साठलेले पाणी दिसते. परंतु अचानक हार्ट फेल्युअर झालेल्या, म्हणजे हृदय कमी पडू लागलेल्या, साधारण पाचांपैकी एका रुग्णाच्या फिल्मवर फुफ्फुसांत रक्त साचल्याच्या खुणा नसतात, आणि झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये हृदय आहे त्याहून मोठे भासते.

सोनोग्राफी रुग्णाला बसलेल्या स्थितीत, खाटेवरच करता येते. प्रोब दोन बरगड्यांच्या मध्ये ठेवल्यावर फुफ्फुसाच्या आवरणापासून पडद्याच्या तळापर्यंत उतरणाऱ्या आणि श्वासाबरोबर हलणाऱ्या उभ्या रेषा, म्हणजे बी-लाइन्स, एका जागी तीन किंवा अधिक आणि दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन भागांत दिसल्या, तर फुफ्फुसांत पाणी उतरल्याचा संशय बळावतो. हृदयामुळे उतरलेले पाणी ओळखण्यात ही तपासणी एक्स-रेपेक्षा सरस आहे. मात्र फुफ्फुसांच्या फायब्रोसिसमध्येही, म्हणजे फुफ्फुसे व्रणासारखी कडक होण्याच्या आजारातही, अशा रेषा दिसतात; त्या वेळी आवरण जाड आणि खडबडीत आहे का, हे पाहणारा सरावलेला डॉक्टर हवा. शिवाय गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी केल्याशिवाय हे मशीन ठेवता येत नाही.

हृदयावर ताण आल्यावर रक्तात वाढणारा एनटी-प्रोबीएनपी हा पदार्थ मोजणारी रक्तचाचणी मुख्यतः हार्ट फेल्युअर नाही, हे सांगण्यासाठी उपयोगी पडते. पातळी ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असल्यास त्याची शक्यता फारच कमी उरते. आजाराच्या बाजूने कौल देण्यासाठी मात्र पंचाहत्तरीनंतर १८०० ची मर्यादा धरतात, कारण वय, मूत्रपिंडाचा विकार आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) यांमुळेही हा आकडा वाढतो. लठ्ठ व्यक्तींमध्ये तो फसवा कमी येऊ शकतो.

चोवीस तास सोनोग्राफी करू शकणारा डॉक्टर असेल, तर माझ्या मते आधी सोनोग्राफी घ्यावी आणि एक्स-रे तिच्या जोडीला ठेवावा; नसेल, तर रक्तचाचणीचे किट आधी आणावे. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी मात्र या तिन्हींनी नाकारता येत नाही. तिची शक्यता फार नसेल, तर डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणाऱ्या पदार्थाची चाचणी, पाहताना पन्नाशीनंतर वयाच्या दहापट (मायक्रोग्रॅम प्रति लिटरमध्ये) ही मर्यादा धरावी. शक्यता मोठी असेल, तर डी-डायमरसाठी न थांबता सीटी अँजिओग्राफीची (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनची) सोय असलेल्या रुग्णालयाशी बोलणे सुरू करावे.