थ्रीडी पात्र हलवायला शिकायचंय? ब्लेंडर घ्या, पण तयार पात्रापासून सुरुवात करा

नोकरी सांभाळून हौसेनं थ्रीडी ॲनिमेशन करणाऱ्यांपैकी मी एक. नव्यानं शिकणाऱ्यांना जमेल तशी मदतही करते. ‘कुठल्या सॉफ्टवेअरनं सुरुवात करू?’ असं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: ब्लेंडर, थ्रीडीचं मोफत सॉफ्टवेअर. सोबत एक अटही घालते. पहिले काही महिने स्वतःचं पात्र बनवायला घ्यायचं नाही.

ही अट ऐकून बरेच जण हिरमुसतात, कारण डोक्यात स्वतःचं पात्र आधीच तयार असतं. पण पात्र घडवणं, त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवणं आणि त्याला हलवणं ही तीन वेगळी कामं आहेत. मोठ्या स्टुडिओंत ती वेगवेगळी माणसं करतात. ब्लेंडरमध्ये मात्र तिन्ही एकाच ठिकाणी मिळतात, आणि नवखा माणूस अडकतो तो नेमका मधल्या टप्प्यावर. कंट्रोल-पी दाबून ‘विथ ऑटोमॅटिक वेट्स’ निवडलं की शरीराचा कुठला भाग कुठल्या हाडामागे जाणार हे ब्लेंडर आपणहून ठरवतं. बऱ्याचदा ते छान जमतं. पण मॉडेलमध्ये एकावर एक बसलेले दुहेरी बिंदू असले तर ‘बोन हीट वेटिंग’ फसल्याचा संदेश येतो, आणि ‘मर्ज बाय डिस्टन्स’नं ते बिंदू एकत्र करून बघायचं हे नवख्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते निभावलं तरी हात वर केल्यावर काखेत कातडी पिळवटते. मग निळ्यापासून लालपर्यंतच्या रंगांत वेट पेंटिंग करत, म्हणजे कातडीवर कुठल्या हाडाचा किती जोर ते रंगवत बसायचं. ही कला आहेच, पण ती ॲनिमेशन नव्हे. कित्येकांचा उत्साह इथंच संपतो. पात्रानं एक पाऊलही टाकलेलं नसतं.

म्हणून तयार रिग, म्हणजे हलवायच्या कंट्रोलसकट बसवलेला सांगाडा घ्या. ब्लेंडर स्टुडिओनं ‘रेन’ नावाचं पात्र रिगसकट मोफत दिलंय, चेहऱ्याच्या कंट्रोलसह. ब्लेंडरसोबत येणारं रिगिफाय हे ॲड-ऑनही (जोडसोय) उत्तम आहे. प्रेफरन्सेसमध्ये ते चालू केलं की माणसाचा तयार सांगाडा मिळतो. तो मापात बसवून बटण दाबलं की कंट्रोलसकट पूर्ण रिग तयार. हातापायांना आयके (टोकाचा पंजा हलवला की बाकीची हाडं मागोमाग येतात) आणि एफके (वरच्या सांध्यापासून एकेक हाड फिरवायचं) दोन्ही असतात. जमिनीवर रोवलेल्या पायाला आयके, मोकळ्या झुलणाऱ्या हाताला एफके, एवढं सुरुवातीला पुरे.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दोन कीफ्रेम, म्हणजे ठरावीक क्षणांच्या नोंदवलेल्या स्थिती (थोडक्यात ‘की’) दिल्या की मधली हालचाल ब्लेंडर स्वतः भरतं, आणि मुळात ती गुळगुळीत भरतं. शिकणाऱ्याला वाटतं, वा, झालं की! उसळणारा चेंडू करून बघा. वर, खाली, वर अशा तीन कीफ्रेम द्या. चेंडू जमिनीजवळ येताना हळू होतो, अलगद टेकतो आणि फुग्यासारखा तरंगत वर जातो. वजन कुठंच जाणवत नाही. ग्राफ एडिटर, म्हणजे हालचाल रेघेनं दाखवणारी खिडकी उघडलात तर कारण समोरच दिसतं: जमिनीला टेकण्याच्या जागी रेघ गोल वाटीसारखी वळलेली असते. तिथली कीफ्रेम निवडा, व्ही दाबून तिचं हँडल (रेघेचं वळण ठरवणारी दांडी) ‘व्हेक्टर’ करा, म्हणजे तिथं टोकदार कोन येईल. मग वरच्या कीचे हँडल बाजूंना ओढून वरची कमान रुंद करा. चेंडू आता आपटतो आणि वर पोचल्यावर क्षणभर रेंगाळतो.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ग्राफ एडिटरची भीती जाते. चालणाऱ्या पात्राचंही असंच. जागच्या जागी चालताना टेकलेला पाय सारख्या वेगानं मागं सरकायला हवा. ब्लेंडर दोन्ही टोकांना तो मंद करतं आणि पाय बर्फावरून घसरतोय असं दिसतं. तिथंही रेघ सरळ करायची. शिकवण्याचं जेवढं काम ही एक खिडकी करते तेवढं कुठलाच व्हिडिओ करत नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

पोझ ठरवतानाही ही गुळगुळीत भरती आड येते. उपाय सोपा आहे: सगळ्या की निवडून टी दाबा आणि ‘कॉन्स्टंट’ करा. पात्र एका पोझमधून दुसरीत झटक्यानं उडी मारतं, त्यामुळे पोझ आणि टायमिंग खरंच बोलतात का ते कळतं. ते पटल्यावरच बेझियरकडे, म्हणजे गुळगुळीत भरतीकडे वळा. चालीसाठी आणखी एक सोय मला फार आवडते. डाव्या पावलाची पोझ कंट्रोल-सीनं कॉपी करून कंट्रोल-शिफ्ट-व्हीनं चिकटवली की ती आरशातल्यासारखी उलटून उजव्या पावलाची होते. अर्धं काम तिथंच वाचतं.

उणिवा आहेत, आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. ब्लेंडर मुळात प्रत्येक फ्रेम दाखवायचा हट्ट धरतं, त्यामुळे भारी पात्र असलं की प्लेबॅक खऱ्या वेगापेक्षा संथ चालतो. तुम्ही २४ फ्रेमची चाल बघून ‘फारच हळू’ म्हणता, कीफ्रेम जवळ सरकवता, आणि रेंडर केल्यावर (अंतिम चित्रं काढल्यावर) पात्र धावत सुटतं. व्ह्यूपोर्टच्या (पात्र दिसतं त्या खिडकीच्या) कोपऱ्यातला दर सेकंदाच्या फ्रेमचा आकडा लाल दिसला की टायमिंगचा निर्णय घेऊच नका. ‘सिम्प्लिफाय’ चालू करून सबडिव्हिजन (पृष्ठभाग गुळगुळीत दिसायला केलेले जादा तुकडे) शून्यावर आणा आणि प्लेबॅकमध्ये ‘फ्रेम ड्रॉपिंग’ निवडा. दुसरं म्हणजे जुने धडे. जुलै २०१९ मध्ये आलेल्या २.८० आवृत्तीत मांडणी इतकी बदलली की त्याआधीचे व्हिडिओ बघून नवखा माणूस बटणंच शोधत राहतो. शिवाय मधलं बटण असलेला माउस आणि नंबर पॅड नसेल तर दृश्यात फिरणं अवघड जातं. प्रेफरन्सेसमध्ये दोन्हींना पर्याय आहेत, ते पहिल्याच दिवशी चालू करा.

मोफत आहे म्हणून कमअस्सल असेल, ही शंका मनातून काढून टाका. २००२ मध्ये ब्लेंडरमागची कंपनी बंद पडली, तेव्हा ब्लेंडरचे जनक टॉन रोझेंडाल यांच्या पुढाकारानं वापरणाऱ्यांनी एक लाख युरो जमवून सोर्स कोड मोकळा करून घेतला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला. हौशी माणसाला याचा अर्थ फार जवळचा आहे. घरच्या अडचणींत छंद वर्षभर बाजूला पडला तरी परवाना संपत नाही, आणि परत आल्यावर आपल्या फायली उघडतात.

संवाद बोलणारं पात्र मात्र इतक्यात घेऊ नका. आवाजावरून ओठ आपोआप हलवणारी सोय ब्लेंडरमध्ये मुळात नाही. ‘ऑडिओ स्क्रबिंग’ चालू करून, आवाज पुढेमागे सरकवत सगळं हातानं करावं लागतं. त्याआधी जड पेटी उचलणारं पात्र करून बघा. कंबर कुठल्या फ्रेमला कुठल्या पायावर येते याकडेच लक्ष द्या, आणि दाखवायला पूर्ण रेंडर करत बसू नका. व्ह्यू मेनूतल्या ‘व्ह्यूपोर्ट रेंडर ॲनिमेशन’नं झटपट व्हिडिओ निघतो, चुका पकडायला तो पुरतो.