एकट्या नवऱ्याची सही आणि माझे ५,१५,००० रुपये

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका प्लॉटसाठी मी ४,७५,००० रुपये टोकन दिलं. ३,००,००० चेकने, १,७५,००० रोख. दलालाला वेगळे २५,००० आणि नंतर वकिलाच्या नोटिशीला १५,०००. सौदा १८ लाखांत ठरला होता. आज माझ्याकडे ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचं नोटरी केलेलं अ‍ॅग्रीमेंट आहे आणि मालक फोन उचलत नाही. तोच प्लॉट दाखवून त्याने आणखी दोघांकडून टोकन उचललंय, हे मागाहून कळलं.

सह्या मालकाच्या घरी, सोप्यावर झाल्या. त्याची बायको चहा घेऊन आली, कागद बघून थबकली आणि म्हणाली, "म्हजी सय लागची ना?" (माझी सही लागणार नाही का?) मालकाने वरही पाहिलं नाही. "तुजी फुडें," तुझी नंतर, एवढंच म्हणाला. दलालाने लगेच पान उलटलं, सहीच्या जागेवर बोट ठेवलं आणि पेन माझ्या हातात दिलं. तिथेच उठायला हवं होतं! तिचा तो प्रश्न अजून कानात आहे. पण समोर एक-चौदाचा उतारा होता, म्हणजे गोव्यातला सातबारा, त्यावर मालकाचं एकट्याचंच नाव. "सरकारी कागदावर बायको कुठे आहे?" असं दलालाने विचारलं. कोणीही विश्वास ठेवला असता.

तो उतारा म्हणजे मालकी हक्काचा दाखला नव्हे. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, आणि बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. गावातल्या प्रत्येक दलालाला हे पाठ असतं. म्हणजे जे झालं ते अज्ञानातून झालेलं नाही, ठरवून केलेलं आहे. आता मालकाचा निरोप येतो, "बायको सही करत नाही, मी काय करू?"

१८७२ च्या करार कायद्यात सही करणारा १८ वर्षांचा आणि शुद्धीवर असावा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ती मालमत्ता विकायचा अधिकार त्याला आहे का, हा प्रश्न वेगळा. कुलमुखत्यारपत्र दाखवलं तर देणारा जिवंत आहे का ते आधी बघा. तो वारला की ते सहसा संपतं.

पोलीस ठाण्यात गेलो तर पहिलं वाक्य, "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." अहो, एकच प्लॉट तिघांना दाखवून पैसे उचलणं सिव्हिल? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं ३१८ कलम आहे ते कशासाठी? हवालदाराने अर्ज घेतला, पोच दिली नाही. सब-रजिस्ट्रारकडे ऐकलं, "आमच्याकडे नोंदणी झालीच नाही, मग आम्ही काय बघणार?" मामलेदार कार्यालयात, "म्युटेशन (फेरफार) आलं की हरकत घ्या." नोटरी म्हणतो, आपण फक्त सह्या कोणाच्या ते पाहिलं. प्रत्येकाचं टेबल स्वच्छ, आणि माझे पैसे गेले. २०२२ मध्ये जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी सरकारने विशेष तपास पथक (एसआयटी) नेमलं. तेवढी मोठी प्रकरणं असतील तेव्हाच जाग येते का?

ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा, रजिस्टर पोस्टाने. रोख देऊ नका. जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याविरुद्ध आहे, आणि माझ्या १,७५,००० ची पावती नाही. अ‍ॅग्रीमेंट नोंदणी करूनच करा. मालकाच्या लग्नाच्या नोंदणीचा दाखला मागा, आणि नवरा-बायको दोघं समोर बसल्याशिवाय चेकवर सही करू नका. "नंतर घेऊ" म्हणाले की उठा.

डिचोली किंवा साखळी भागात कोणी असंच टोकन देऊन बसलं असेल तर कागद घेऊन पुढे या. तिघांची तक्रार एकत्र गेली की त्यांना "सिव्हिल" म्हणणं जड जाईल.