फ्यूज की ब्रेकर? घरी बांधलेलं विमान आणि खान्देशचं ऊन

सांगाडा उभा राहिला, इंजिन बसलं, की पॅनलपुढे पहिला वाद हाच होतो: प्रत्येक सर्किटला ओढता येणारा ब्रेकर द्यायचा, की गाडीत असतो तसा ब्लेड फ्यूजचा ब्लॉक कोपऱ्यात बसवून मोकळं व्हायचं? जळगाव-धुळ्याकडे विमान बांधत असाल तर माझं मत फ्यूजला. त्यात पैशाइतकाच वाटा मे महिन्याचा आहे.

ब्रेकर रुबाबदार, यात शंका नाही. कोणता उडाला ते समोर दिसतं, बटण दाबलं की सर्किट चालू, आणि एखादं यंत्र वेड्यासारखं वागायला लागलं तर बटण ओढून त्याला गप्प करता येतं. पण प्रत्येकासाठी पॅनलला भोक, मागे दोन स्क्रू, शिवाय सगळ्यांना जोडणारी तांब्याची पट्टी. वजन वाढतं आणि कंपनाने सैल होऊ शकणाऱ्या जागाही वाढतात. त्यात हे ब्रेकर बहुधा उष्णतेवर चालणारे: आतली बायमेटल (दोन धातूंची जोड) पट्टी तापून वाकते आणि सर्किट तुटतं. ती करंटने तापली की भुसावळच्या ४५ अंशांनी, हे तिला कळत नाही. उन्हात उभ्या विमानात पॅनलमागे बाहेरपेक्षा बरंच जास्त तापतं, आणि अगदी काठावरचा हिशेब करून घेतलेला ब्रेकर तिथे विनाकारण उडू शकतो. ब्लेड फ्यूजवरही उन्हाचा परिणाम होतो, पण कमी.

फ्यूज हवेत बदलता येत नाही, हा नेहमीचा आक्षेप. बदलायचा कशाला? फ्यूज असो वा ब्रेकर, तो यंत्रासाठी नसतोच, वायर जळू नये म्हणून असतो. तो उडाला म्हणजे त्या वायरीवर काहीतरी बिघडलंय. दोन-तीनदा चालू करून बघणं म्हणजे कॉकपिटमध्ये धूर बोलावणं. ज्याच्याशिवाय उतरताच येणार नाही असं यंत्र मुळात एका फ्यूजवर ठेवू नका, त्याला दुसरी वाट द्या.

अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, फील्डला (त्याला चालू-बंद करणाऱ्या गुंडाळीला) मात्र मी ५ अँपिअरचा ब्रेकरच देईन. व्होल्टेज भडकलं की क्रोबार नावाचं संरक्षक सर्किट मुद्दाम शॉर्ट करून या ब्रेकरला उडवतं. उगाच उडाला असेल तर एकदा परत लावून बघता येतो.

फ्यूजमुळे वाचलेले पैसे वायरीत घाला. पाइपांच्या जळगावात राहून पीव्हीसीला नाही म्हणणं जड जातं, पण घरगुती वायरीचं पीव्हीसी साधारण ७० अंशांपर्यंतचं, आणि जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू निघतो. विमानाच्या वायरीवरचं टेफझेल या प्लास्टिकचं आवरण १५० अंश सोसतं. २२ गेज जाडीच्या वायरीला ५ अँपिअरचा फ्यूज, त्याहून जाड १८ गेजला १०, एवढं धरून चाला.

वायरीच्या टोकाचे लग (धातूच्या जोडण्या) सोल्डर करायचे की दाबायचे? दाबायचे, आणि रॅचेटच्या क्रिम्परनेच, म्हणजे पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणाऱ्या पकडीने. सोल्डर तारांमध्ये चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि कंपनाने वायर नेमकी त्याच्या काठावर तुटते. तारांबरोबर आवरणही पकडणारा लग घ्या.

अर्थिंगचं, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेचं, उत्तर विमान कशाचं आहे त्यावर आहे. अॅल्युमिनियमच्या सांगाड्यात दिवे, पंप जागेवरच अर्थ केले तरी चालतात. रेडिओ आणि इंटरकॉम मात्र एकाच ठिकाणी आणा, नाहीतर हेडफोनमध्ये अल्टरनेटरची शिट्टी ऐकू येईल. फायबर किंवा लाकडाचं असेल तर निवड उरतच नाही: प्रत्येकाला परतीची वायर, आणि तिचं वजन आधीच हिशेबात धरा.