सीएसडब्ल्यूला जाताय? समोरचं चर्च सेंटर चुकवू नका
मार्चमध्ये न्यूयॉर्कला यूएनच्या महिला आयोगाचं अधिवेशन असतं ना, सीएसडब्ल्यू, तेव्हा मेन बिल्डिंगमध्ये शिरायला बॅज लागतो आणि तो मान्यता असलेल्या संस्थेमार्फतच मिळतो, पण रस्ता ओलांडला की ७७७ यूएन प्लाझाला चर्च सेंटर आहे, तिथले एनजीओंचे पॅरलल इव्हेंट, म्हणजे अधिवेशनाच्या जोडीने होणारे कार्यक्रम, यूएनच्या बॅजशिवाय बघता येतात. बिल्डिंग १९६३ ची, मालकी मेथडिस्ट बायकांच्या संघटनेची, कुठल्या बिशपची नाही, हे मला जाम आवडलं.

खालचं टिलमन चॅपल मस्ट. सकाळची प्रार्थना म्हणजे नुसतं आमेन-आमेन नाही हो, बायबलमधल्या हागार या दासीची गोष्ट वाचली आणि तिथून थेट घरकामगार बायकांच्या हक्कांवर गाडी आली, मालकिणीने राबवून घेतलेली आणि शेवटी लेकरासकट हाकललेली बाई, अजून काय उदाहरण पाहिजे? बायबल दाखवून बायकांना गप्प करणारे खूप पाहिलेत, इथे त्याच पुस्तकातून उलट सवाल विचारतात.

सगळंच भारी नाही. एका संस्थेचं सेशन एकदम फुसकं, सगळा वेळ स्वतःच्याच कामाचे फोटो, प्रश्नांना पाच मिनिटंही नाहीत. म्हणून विषय बघून निवडा, आणि लवकर जाऊन जागा धरा.