हायब्रिड सायकल: ऑफिस सपाटीवर, सहल घाटाखाली

सायकल कोणत्या कंपनीची, ते मुद्दाम लिहीत नाही. या किमतीच्या हायब्रिड (रस्त्याची आणि माउंटन बाइक यांच्या मधल्या) सायकलींवरचे सुटे भाग बहुतेक सारखेच असतात. त्यामुळे घेताना काय बघायचं तेवढंच सांगतो. माझी आहे ती अशी: ॲल्युमिनियमची फ्रेम, सस्पेन्शन नसलेला स्टीलचा फोर्क (पुढचा चिमटा), ७०० बाय ३८चे (३८ मिलिमीटर रुंदीचे) टायर, केबलवरचे डिस्क ब्रेक, पुढे तीन आणि मागे सात गिअर. एक अख्खा पावसाळा, हिवाळा आणि मे महिन्याचं ऊन तिनं पाहून झालं आहे.

रोजचं जाणं-येणं इंदूरमध्ये, राजेंद्रनगर ते विजयनगर. एबी रोड धरला की सरळ. भंवरकुआं आणि पलासिया या चौकांतली गर्दी सोडली तर या रस्त्याला कुठलीही सायकल चालेल, आजोबांची काळी दांडीवालीसुद्धा. म्हणून शहरात ट्रायल घेऊन सायकल ठरवू नका. शहरात सगळ्याच चांगल्या वाटतात.

खरा प्रश्न रविवारी येतो. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. दक्षिणेला कुठेही निघा, चोरल, बडवाह, मंडलेश्वर, महेश्वर, रस्ता विंध्यावरून खाली निमाडात उतरतो, आणि नर्मदेचा काठ येईपर्यंत आपण दीडशे मीटरच्या आसपास आलेलो असतो. पुण्याचे लोक सिंहगड आधी चढतात, मग मजेत उतरतात. आपलं उलटं. सकाळी ताजेतवाने असताना उतार, आणि परत येताना पाय गळालेले, ऊन वर आलेलं, कॅरिअरवर ओले कपडे, तेव्हा घाट. अहिल्याबाईंनी बांधवलेल्या जाम दरवाज्यापाशी उभं राहून खालचं निमाड बघायला फार छान वाटतं. पण मंडलेश्वराकडून तिथवर पॅडल मारत येताना मला फक्त गिअर दिसत होते.

तर गिअरबद्दल. दुकानात ‘२१ स्पीड’ असं ठसक्यात सांगतात. त्या एकवीसमधले कितीतरी एकमेकांवर चढलेले असतात, तो आकडा सोडून द्या. सगळ्यात हलका गिअर किती हलका, एवढंच विचारा. माझ्या सायकलला पुढची लहान चकती २८ दातांची आणि मागची मोठीही २८चीच होती. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाकही एकदाच फिरणार, साधारण २.२ मीटर. मिनिटाला साठ फेरे धरले तर ताशी जवळजवळ आठ किलोमीटर. रिकाम्या सायकलवर ठीक आहे. दोन दिवसांचं सामान लादून घाटात तो वेग टिकत नाही. मग फेरे मंदावतात, आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. मागे १४ ते ३४ दातांचं फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा चकत्यांचा संच) बसवून घेतलं, चेन थोडी लांब करावी लागली. आता त्याच साठ फेऱ्यांत ताशी साडेसहाच्या आसपास जाता येतं. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण आता बसूनच घाट चढतो, उतरून ढकलावी लागत नाही. सायकलवर केलेल्या सगळ्या खर्चात हा सगळ्यात वसूल झालेला.

फ्रीव्हीलवाल्या हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग आत राहतं आणि एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय असतो, त्यामुळे जड सामान आणि खड्डे यांच्या जोडीनं तो वाकू शकतो. कॅसेटवाल्या (चकत्या सरकवून बसवायच्या) हबमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाला असतं. बजेट जरा ताणता येत असेल तर तिथे ताणा, सस्पेन्शनसाठी नाही. या किमतीतलं पुढचं सस्पेन्शन म्हणजे वाढीव वजन आणि खटखट. ३८च्या टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की शहरातले खड्डे बऱ्यापैकी पचतात.

टायर रुंद, पण मडगार्डमध्ये जागा हवी. आपल्याकडची काळी माती माहीतच आहे. पावसाळ्यात तिंछाकडच्या एका कच्च्या वाटेवर शिरलो आणि सोयाबीनच्या शेतांमधली ती चिकट माती टायर-मडगार्डच्या फटीत अशी ठासून भरली की चाक फिरेना. काटकीनं खरवडत बसलो. मडगार्ड उंच करून घेतल्यावर त्रास कमी झाला, गेला नाही. अशा वेळी डिस्क ब्रेक मात्र उपयोगाचे; रिमवर चिखल असला तरी ब्रेक लागतो. त्यांचे पॅड लहान गावात मिळत नाहीत, एक जोडी जवळ ठेवतो.

शहर झाडूनपुसून लख्ख असतं, पंक्चर होतात ते गावाबाहेर, बाभळीच्या काट्यांनी. मंडलेश्वरच्या पंक्चरवाल्यानं टायर हातात घेऊन सांगितलं, ‘‘भिया, ये साइज यहाँ नहीं मिलेगी।’’ बरोबरच होतं. आपल्या साध्या २८ इंची सायकलच्या टायरचा व्यास थोडा मोठा असतो, तो ७००च्या रिमवर बसत नाही. त्याची ट्यूब मात्र अडीनडीला चालून जाते. वॉल मोटारसायकलसारखा असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक वॉलची ट्यूब असेल तर ॲडॉप्टर खिशात हवाच.

कॅरिअरसाठी फ्रेमला मागच्या एक्सलजवळ आणि सीटखाली आट्यांची भोकं आहेत का, हे खाली वाकून बघा. नसली तर पट्ट्या आवळून कॅरिअर लावतात, आणि ते उतारावर हलतं.

सीटबद्दल फार लिहीत नाही, ज्याचं त्याचं बूड वेगळं. सोबत आलेली फोमची मऊ सीट ऑफिसपर्यंत बरी होती, दोन तासांनंतर नकोशी. कडक आणि जरा रुंद घेतली. पॅडल प्लॅस्टिकची होती, पावसात चपला घसरायच्या, तीही बदलली. ही दोन्ही कामं सायकल घेतानाच दुकानदाराकडून करून घ्या, जुना माल तो वळता करून घेतो.