जुन्या येझदीचा कार्ब्युरेटर : नाना पेठेतल्या एका गॅरेजचे काम
अनेक वर्षे पडून राहिलेली, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनलेली येझदी मोटरसायकल मी पुण्यात नाना पेठेतल्या एका छोट्या गॅरेजमध्ये दिली आणि तिथले काम मला मनापासून आवडले. पेट्रोल उडून गेल्यावर उरलेल्या चिकट थराने कार्ब्युरेटरमधले (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातले) पायलट जेट, म्हणजे इंजिन संथ चालताना पेट्रोल पुरवणारी बारीक नळी, पूर्ण बुजले होते. तरीही मिस्त्रींनी त्यात तार घातली नाही, कारण पितळेचे ते बारीक भोक किंचित जरी मोठे झाले, तरी हवा-पेट्रोल मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. जेट क्लीनरमध्ये भिजवून, हवेच्या दाबाने साफ करून, झिजलेली फ्लोट नीडल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारी सुई) बदलून त्यांनी इंजिन गरम झाल्यावरच मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू जुळवला. आता गाडी सिग्नललाही बंद पडत नाही. टाकीतला गंज मात्र तसाच ठेवला, हे खटकले. तो गंज कार्ब्युरेटरमध्ये जाऊ नये म्हणून पेट्रोलचा फिल्टर आठवणीने मागून घ्यावा.