कुट्टी मशीन घेताना: थेट मोटरचे की पट्ट्याचे?

मोहोळ, मंगळवेढा, सांगोल्याकडे गोठा वाढवायचा म्हटले की पहिला खर्च कुट्टी मशीनचा. दुकानात गेलात की किती एचपी, किती पाती, ताशी किती कुट्टी एवढेच सांगतात. ते कागदावर लिहिलेलेच असते. मोटरचा फेरा पात्यापर्यंत आणि वैरणीपर्यंत कसा पोचतो, हे मात्र तिथे फारसे कोणी बोलत नाही. माझ्या मते मशीन निवडायचे ते यावरच.

दोन प्रकार समोर येतात. एकात पाती थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेली असतात आणि वैरण हाताने आत सरकवायची. दुसऱ्यात मोटरकडून पट्टा जड चाकावर जातो, पाती त्या चाकावर असतात आणि वैरण रोलर आत ओढतात. भावाच्या गोठ्यावर पहिला प्रकार आहे, माझ्याकडे दुसरा. दोन्हींवर मी भरपूर काम केले आहे.

थेट मोटरच्या मशीनचे गुण आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. जागा कमी लागते, किंमत कमी, पट्टा ताणायची कटकट नाही, दोघे उचलून ते सावलीला नेतात. फेरे मिनिटाला 2800 च्या आसपास, त्यामुळे हिरवा मका किंवा लुसलुशीत हत्तीघास क्षणात बारीक होतो. दोन-तीन जनावरे आणि ओली वैरण असेल, तर मी त्याला नावे ठेवणार नाही.

अडचण कडब्याला येते. आपल्याकडचा कडबा म्हणजे बहुतेक मालदांडीचा. ही ज्वारी मोहोळच्या संशोधन केंद्रातलीच. ताट उंच आणि बुडखा टणक. पेंढीचा बुडखा जरा जास्त आत गेला की पाते थांबते, मोटर नुसती भुणभुणते. बटण बंद करायचे, पाना शोधायचा, झाकणाचे नट काढायचे, गच्च बसलेला बोळा ओढून काढायचा, झाकण पुन्हा आवळायचे. तोवर धारेची वेळ झालेली असते आणि जनावरे गव्हाणीपाशी हंबरत असतात. हे एखाद्या दिवशी झाले तर चालून जाते. पण संध्याकाळी शिवारातले पंप चालू होऊन व्होल्टेज उतरले की ते हमखास होते. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. 230 च्या जागी 180 व्होल्ट आले, तर जोर 61 टक्क्यांवर येतो. शिवाय अडकून थांबलेली मोटर नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. वेळेवर बंद केली नाही तर वायंडिंग जळते. माझा निर्णय या एकाच त्रासाने झाला.

पट्ट्याच्या मशीनवर काय होते ते सांगतो. मोटर 1440 फेऱ्यांची, तिची पुली 3 इंचाची आणि चाकाची 12 इंचाची धरा. चाक फिरते मिनिटाला 360. वेग चौथाई झाला, पण पिळण्याचा जोर चौपट झाला. त्यात चाक जड. दोन घासांच्या मधल्या वेळात ते फेऱ्यांमध्ये जोर साठवते आणि बुडखा आला की तो खर्च करते. एवढे करूनही अडकलेच, तर पट्टा आधी लहान पुलीवर घसरतो, कारण तिथे त्याची पकड सर्वांत कमी असते. किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि मोटर फिरत राहते. तो आवाज हीच सूचना. रोलरची दिशा बदलायचा हाताचा दांडा मागे ओढला की रोलर उलटे फिरतात आणि पेंढी आपोआप बाहेर येते. पाना लागत नाही, झाकण उघडावे लागत नाही. मोटर एकाच दिशेने फिरत असते; आतल्या गिअरांमध्ये एक जादा दातेरी चाक जोडले जाते आणि तेवढ्याने रोलरची दिशा बदलते. मला या मशीनमधली सर्वांत आवडती गोष्ट हीच आहे.

काही जण म्हणतात, पट्टा घसरतो म्हणजे जोर वाया जातो. थोडा जातो, हे मान्य. पण मोटर आणि चाक यांच्यामध्ये घसरणारे काहीतरी असलेच पाहिजे, असे मला वाटते. रोलरच्या बाजूला याच्या नेमके उलट हवे. तिथे एक दातही चुकता कामा नये, कारण कुट्टीची लांबी तिथेच ठरते.

हिशेब सोपा आहे. चाकाचे 360 फेरे आणि पाती दोन, म्हणजे मिनिटाला 720 काप. अर्धा इंच कुट्टी हवी असेल, तर वैरण मिनिटाला 360 इंच, म्हणजे 30 फूट पुढे सरकली पाहिजे. रोलर 4 इंच व्यासाचा असेल तर त्याचा घेर साधारण साडेबारा इंच. त्याने मिनिटाला 29 फेरे घ्यायचे. म्हणजे 360 चे 29, सुमारे बारास एक. जुन्या हाताच्या कुट्टी मशीनमध्ये हे काम एकाच टप्प्यात होत असे. चाकाच्या दांड्यावर आटे पाडलेला वर्म, त्याच्या वर एक दातेरी चाक आणि खाली एक. वेग कमी होतो, फेरा काटकोनात वळतो आणि वरचा-खालचा रोलर आपोआप एकमेकांच्या उलट फिरतात. एवढ्याशा लोखंडात तीन कामे. ज्यांच्या घरी अजून असे मशीन पडून असेल, त्यांनी झाकण काढून चाक हाताने हळू फिरवून बघावे.

हातानेच वैरण सरकवायची म्हटली, की हा हिशेब राहत नाही. जोरात ढकलले की लांब तुकडे, हळू ढकलले की भुसा. भुशाइतके बारीक खाल्ले की जनावर रवंथ कमी करते, आणि लांब तुकडे गव्हाणीत उरतात. मी मोजमाप ठेवलेले नाही. पण भावाच्या गव्हाणीत सकाळी उष्टे जास्त दिसते, एवढे खरे. त्याच्या जनावरांची सवयही वेगळी असू शकेल.

पट्ट्याचेही दुखणे आहे. नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत लांबतो, तो ताणावा लागतो. दोन पुल्या एका रेषेत नसतील तर त्याची एक कड खाल्ली जाते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा पत्र्याखाली पट्टा कडक पडून भेगाळतो; मी त्यावर पोते टाकतो. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकदमच बदलावेत, नाहीतर नव्यावरच सगळा भार येतो.

चेनचे मशीन मी फक्त दुसऱ्यांकडे चालवले आहे. चेन घसरत नाही, पण कडब्याची धूळ तेलात मिसळून तिचा लगदा होतो. ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याच्या मिनिटाला 540 फेऱ्यांवर चालणारे मोठे मशीन तर सामाईक वापरासाठीच परवडेल. त्यात अडकल्यावर शिअर बोल्ट तुटून बाकीचे वाचते.

एका बाबतीत मात्र थेट मोटरचे मशीन बरे. ते बंद केल्यावर लवकर थांबते. जड चाक वीज गेल्यावरही बराच वेळ फिरत असते, आणि त्याच वेळी माणूस आत हात घालतो. चाक डोळ्यांना थांबलेले दिसेपर्यंत हात लावायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. पट्ट्यावर जाळी नसलेले मशीन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

उजनीच्या पाण्यावर बारमाही हिरवी वैरण असेल आणि जनावरे थोडी असतील, तर थेट मोटरचे मशीन पुरेसे आहे. कडबा आणि उसाचे वाढे यांच्यावर गोठा चालत असेल, तर मी पट्ट्याचेच घेईन, थोडे पैसे जास्त गेले तरी. दुकानात वीज बंद ठेवून चाक हाताने फिरवून बघा. दांडा पुढे, मध्ये आणि मागे टाकून रोलर फिरतो, थांबतो, उलटतो का ते पाहा. पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा तळाला टेकतो आहे. त्याची पकड खाचेच्या दोन बाजूंवर असायला हवी, अशी पुली बदलून मागा. पट्ट्यावर बी 68 असे काहीतरी छापलेले असते. अक्षर पट्ट्याच्या रुंदी-जाडीचे, आकडा आतल्या लांबीचा, इंचात. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी पट्टा आणताना तोच दाखवायचा.